पिठाचा काटा

कुतैसीत, पुलाखालच्या बोळात आईची भट्टी होती.
पहाटे तीनला ती कमरेपर्यंत आत वाकायची,
जळत्या भिंतीला कणीक थापायची.
मला दिसायचे फक्त तिचे पाय.
एक, दोन, तीन... मोजत बसायचो,
बाहेर आली की श्वास सोडायचो.

बाप पोलंडात ट्रक चालवायचा. तिकडचाच झाला.
त्याचं नाव निघालं की आई म्हणे, ‘रस्ता लांबचा आहे,’
आणि पाव उलथायची.

मंगळवारी झुराब पिठाची पोती आणायचा.
तोलून झाली की म्हणायचा, ‘आता तू.’
मी अनवाणी काट्यावर.
भिंतीवर कोळशाने तो लिहायचा:
पोती चार, बाकी सत्तर लारी, वाख्तांग तेवीस.
सगळं एकाच रकान्यात.
‘पोरगं काय उधारीवर आणलंय मी?’ आई फणकारायची.
तो टोपी काढायचा, पुन्हा घालायचा.

त्या हिवाळ्यात मी बावीस भरलो.
झुराबने काहीच लिहिलं नाही.
संध्याकाळी दाराशी मधाची बरणी.
आईने ती परत धाडली.
पुढच्या मंगळवारी पुन्हा दाराशी, तीच.
किती खेपा झाल्या कोण जाणे,
मध मात्र दर खेपेला कमी व्हायचा
आणि मी चोवीस झालो.

बाकी फिटली त्या दिवशी
मला वाटलं, आई आता भिंत पुसणार.
तिने हात पुसले, चपला काढल्या,
स्वतःच काट्यावर चढली.
‘लिही.’

आकडा मला अजून माहीत नाही.
झुराबने लिहिला, पण
दुसऱ्या हाताने झाकून.