भारमान

विभागाकडून कागद आलाय. सात रकाने.
चोपडा आगार. मार्ग, फेऱ्या, किलोमीटर, प्रवासी,
उत्पन्न, भारमान,
आणि शेवटी बोटभर रुंदीचा: शेरा.
तळाशी बारीक अक्षरांत:
मागणी पूर्ववत कधी होईल, अंदाज द्यावा.

बंदच्या दिवसांत हे सोपं होतं.
शून्य. शून्य. वरीलप्रमाणे.
सुपडू कोळी दर तिसऱ्या दिवशी यायचा,
एकेक गाडी दहा मिनिटं घरघरवून ठेवायचा,
बॅटरी उतरू नये म्हणून.
पारा शेहेचाळीसवर. फलाटावर कुत्रीसुद्धा नाहीत.
सहा नंबरला चोपडा–सुरत उभी,
पाटी काचेआड तशीच,
आत्ता घंटी वाजेल, असं वाटायला लावणारी.

मग बावीस जणांची परवानगी आली.
एका बाकावर माणूस, दुसऱ्यावर खडूची फुली.
पहिल्या दिवशी अडावदच्या गाडीला तिघं:
एकाकडे दवाखान्याची फाईल,
एकाकडे पिशवीत मोटारीचं स्टार्टर,
आणि झिपरू अण्णा, ज्यांना कुठंच जायचं नव्हतं.
"जाऊन येतो," म्हणाले,
दोन्ही तिकिटं आधीच काढली, खिडकी उघडली
आणि सगळ्या रस्त्याने केळीचे बाग मोजत बसले,
असं मंगला बाविस्कर सांगते, वाहक, बिल्ला साडेतीनशे.
भारमान: सात टक्के.

पण चौकशीच्या खिडकीवर तिकीट फाटत नाही.
तिथला हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर ठेवला.
माणसाला एक रेघ, पाचवी आडवी.
त्यातल्या अकरा रेघा एका बाईच्या.
मुलगा लिंबायतला, मागावर.
"भाऊ, सुरतनी गाडी कव्हय चालू हुई?"
मी म्हणायचो, वरून आदेश नाही.
"नही, नुसतं ईचारी राह्यनू."
जसं काही विचारण्याचेही पैसे पडतील.
गाडी सुरू झाली त्या सोमवारी
मी फलाटावर दोनदा जाऊन पाहिलं.
ती आली नव्हती.
पुढचं मला माहीत नाही. नावही विचारलं नव्हतं.
या रेघा कुठल्या रकान्यात लिहायच्या, साहेब?

जूनपासून आकडे वर आले.
लग्नं, तेरावे, कोर्टाच्या तारखा,
थांबून राहिलेलं सगळं एकदम पिशव्या घेऊन निघालं.
लासूरच्या फेरीला मागच्या दाराला लोंबकळून पोरं.
विभागाने अभिनंदनाचं पत्र दिलं, ते भिंतीला आहे.

पासची खिडकी मात्र वेगळं सांगत होती.
गेल्या खेपेला पास एकशे चाळीस.
नूतनीकरणाला आले शहाण्णव.
एका सकाळी मंगला गाडीतून उतरली ती गप्पच.
दुपारी डबा उघडून म्हणाली,
ती तिसऱ्या बाकावरची, दहावीतली, वेणीला लाल रिबीन,
रोज पास दाखवायच्या आधी हसायची ती,
आज बसली.
पास मागितला तर मंगळसूत्र सावरत म्हणाली,
एक पूर्ण द्या.
मशीनने कागद काढला. मंगलाने फाडून दिला.
सवलतीचा प्रवासी एक कमी,
पूर्ण भाड्याचा एक जास्त.
उत्पन्नात वाढ, साहेब. नियमानुसार.

सगळ्यात शेवटी वैजापूरची मुक्कामी.
ही गाडी रात्री आठला सातपुड्याच्या पायथ्याशी पोचते,
तिथंच झोपते, पहाटे साडेपाचला निघते.
दीड वर्षांनी काल सोडली.
आत पाच माणसं आणि मिठाचं एक पोतं.
सुपडूचा फोन रात्री सव्वाआठला आला,
रेंज जात-येत:
गाडी लावायच्या जागेवर लोकांनी सरपण रचून ठेवलं होतं,
छातीइतकं उंच.
जागा पडूनच होती ना.
हा म्हणाला, मी काही बोललो नाही,
नुसते दिवे मारले.
तर रुमा पावरा घरातून आला, त्याची सून आली, पोरं आली,
आणि त्या दिव्यांच्या उजेडात
एकेक ओंडका उचलून बाजूला न्यायला लागली.
अजून चाललंय. मी उभा आहे.

भारमान: अकरा टक्के.
बोटभर रकाना समोर आहे.
शेरा:
जागा करून देत आहेत.