कवळी करणाऱ्याची मतं

चाळीस वर्षं मी मॉन्टेव्हिडिओत कवळ्या केल्या,
त्यामुळे सिनेमात माझी नजर आधी तोंडाकडे जाते.
खोड आहे, कबूल.
एलादियो म्हणतो, तू प्रेमकथा बघत नाहीस,
पेशंट तपासतोस.

तर मंगळवारी एक नवा पाहिला, युद्धाचा, पावणेतीन तासांचा.
खंदकात चिखल, उवा, महिनाभर पाव नाही,
आणि शिपायांचे दात असे की आरशाची गरज नाही.
तोफ उडाली, एक पोरगा मेला, हसत मेला.
मी मोजले : वरचे दहा, एका मापाचे,
कवायतीला उभे केल्यासारखे.
शेजारची बाई हुंदके देत होती.
मला दर आठवत होता.

त्याआधी भुताचा एक. भूत ठीक. घर फार स्वच्छ.

जुन्यांत असं नव्हतं.
बंदरातल्या हमालाचा तो काळा-पांढरा पुन्हा लागला होता,
त्यातल्या नायिकेचा एक सुळा पुढे आलेला.
हसू आलं की ती वरचा ओठ खाली ओढून घ्यायची
आणि त्या ओढून घेण्यात
बापाची उधारी, नको असलेलं लग्न, सगळं यायचं.
संवाद लिहिणाऱ्याला फारसं काम उरलेलं नव्हतं,
तरी त्यानं ते केलं, हे वाईट.

पण जुनं ते सोनं, असं मी म्हणणार नाही.
त्याच सिनेमात घोडा कोसळतो तो खरोखर पाडलेला,
पायांना तार लावून.
सतराव्या वर्षी पाहिला तेव्हा
मला घोडा दिसलाच नव्हता.

आता म्हणे तो धुऊनपुसून नवा केलाय.
तिसऱ्या रिळात एक ओरखडा होता,
तिच्या डोळ्याखालून गालावर उतरणारा.
आम्ही पोरं त्याला अश्रू समजायचो.
तो पुसला.
कोरड्या डोळ्यांनी ती जास्त चांगली नटी निघाली.
हे मान्य करायला मला बसचे चार थांबे लागले.

आणि रविवारी, नदीवरून वारा असा की टोपी हातात धरायची,
एका पोरीचा पहिलाच सिनेमा.
सहा माणसं आम्ही, त्यात तिची मावशी.
एलादियोच्या बगलेत थर्मास, दर दहा मिनिटांनी त्याचं बूच किंचाळतं.
पडद्यावर ताकुआरेंबोकडची एक आजी.
काही करत नाही. कोंबड्या, रेडिओ, झोप.
रात्री ती कवळी काढून ग्लासात ठेवते
आणि कॅमेरा हलत नाही.
पिशवीची नाडी ओढावी तसं तोंड आत जातं.
कॅमेरा हलत नाही.

ग्लासात मला दिसला
वरचा, डावीकडचा दुसरा,
शेजाऱ्याच्या खांद्यावर रेललेला.

असा मी आयुष्यात एकदाच बसवला.
ओदिला बेरुती नावाची बाई लग्नाचा फोटो घेऊन आली होती :
वाकडा होता तो वाकडाच ठेवा,
नाहीतर माझा नवरा मला वर ओळखायचा नाही.
मी हुज्जत घातली.
सरळ करायचे पैसे घेतो आम्ही, वाकडं करायचे काय घेऊ?
शेवटी तीनदा मेण वितळवून केला.
तीनदा तिनं मान हलवली, चौथ्यांदा बोटानं चाचपून पाहिला
आणि आरसा न मागता निघून गेली.

चूक असेल माझी.
कवळी इतकी वर्षं टिकत नाही, हे मीच लोकांना सांगायचो.
शिवाय ग्लासातलं पाणी सगळंच वाकडं दाखवतं.

बाहेर आल्यावर एलादियो म्हणाला, संथ.
मी म्हणालो, आवाज नीट घेतलेला नाही.
नावांची यादी सरकत असताना मी चष्मा पुसत बसलो,
त्यामुळे आजीचं नाव वाचायचं राहिलं.

एक मात्र खटकलं.
ग्लासातून वाफ येत होती.
गरम पाण्यात कवळी वेडीवाकडी होते,
ती कोमटच हवी असते, साध्या नळाच्या पाण्यातली.
त्या पोरीला कुणीतरी हे सांगायला हवं,
आजी असेल अजून तर.