गुंतवळ

चौदा नंबरच्या खोलीत, पलंगाच्या पायाशी,
मशीन आधी गुरगुरलं, मग रबर जळाल्याचा वास,
मग नुसताच वारा. ब्रश फिरेना.
मार्लीन दारातून म्हणाली, "बेल्ट गेला, वॉट्स."
वत्सला तिच्या जिभेवर कधी पुरी चढली नाही.
मीही नाद सोडला. बल्बसारखं नाव, असू दे.

ओगालालात दुपारी एकला आवाज काय तो हायवेचाच.
वीस खोल्या, एक मशीन, तीनला गिऱ्हाईक दारात.
चादरींच्या कोठीत जुना टॉवेल अंथरला,
मशीन उताणं केलं.
त्याआधी प्लग काढला. तो काढायचा हे मार्लीनने
पहिल्याच दिवशी शिकवलं, डाव्या हाताचं अर्धं बोट दाखवून.
पुढे कळलं, बोट बिटाच्या कारखान्यात गेलं होतं.
तरी धडा लागू पडला.

चार स्क्रू. चौथा कायमचा हट्टी.
तळाची पट्टी निघाली आणि ब्रश हातात आला.
ब्रश कसला, सूत भरलेली चातीच!

विंचरताना निघालेले केस आई कोनाड्यात खोचून ठेवायची.
दीड-दोन महिन्यांनी सुया-पोत विकणारी यायची.
मूठभर गुंतवळाला दोन सुया, एक दाभण,
आणि आणखी एका सुईसाठी आई उंबऱ्यात हुज्जत घालायची.
आमच्या घरात तेव्हा
केसच तेवढे फुकट उगवत.

शिवण उसवायच्या कटरने मधोमध चीर दिली,
दांडीतल्या खाचेतून, ब्रिसल्स सांभाळत.
करकर करत थर सुटला.
सोनेरी, राखाडी, कुरळे,
एक झुपका जांभळा, ढोल घेऊन डेन्व्हरला निघालेल्या मुलीचा,
कुत्र्याचे, आणि कुत्रे मना असल्याचा तर बोर्ड आहे,
दात कोरायचा दोरा,
तळ्यावर आलेल्या कुणाच्या तरी गळाची हातभर तंगूस.
कोण कुठली माणसं, एकेका रात्रीची,
जिन्यात एकमेकांना वाटसुद्धा न दिलेली,
आणि इथे अशी घट्ट
की सख्ख्या भावंडांना जमू नये.

खरा घोटाळा टोकाच्या टोपणात असतो.
बेअरिंगभोवती केस बसून बसून त्याचा नमदा होतो.
चिमट्याने उपटायचा. घाई नाही.
तेल घालायचं नाही, तेलाला धूळ धरते.
बोटाने फिरवून पाहायचं,
भिंगरीसारखं फिरलं पाहिजे, आणि मुकाट.

त्या नमद्यात एक लांब केस निघाला.
टोकाला मेंदीचा तांबूस, मुळाकडून पांढरा.
पांढरा भाग बोटांवर मोजला. बारा पेरं.
दोन महिन्यांना पेरभर धरला तर
बरोबर दोन वर्षं, भाचीच्या लग्नातून इथे आल्याला.
मी या खोल्यांमध्ये एक रात्रही निजले नाही,
तरी रजिस्टरात नाव लागलंच की.

सगळा ऐवज मुठीत घेतला. चांगला भरला.
आईच्या भावाने तीन सुया,
चौथीसाठी भांडावं लागलं असतं.
मार्लीनने कचऱ्याची पिशवी पुढे धरली.
मी टाकला. लगेच नाही,
पण टाकला.

किरीटभाईंनी खणातून नवा बेल्ट दिला,
वहीत लिहिलं: बेल्ट, नग एक,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसा मीच तो दातांनी तोडला होता.
बेल्ट आधी मोटरच्या खुंटीवर, मग ब्रशच्या खाचेत,
अंगठ्याने ताणून, बाणाची दिशा बघून.
चौथ्या स्क्रूला एक शिवी, मराठीत.

चौदा नंबरच्या गालिच्यावर पुन्हा नांगरटीसारखे पट्टे उठले.
तीनला ज्या गृहस्थाने त्या खोलीची चावी घेतली
त्याच्या डोक्यावर एक केस नव्हता.
टोपी काढून त्याने नमस्कार केला.
मार्लीनने आणि मी
एकमेकींकडे बघायचं कटाक्षाने टाळलं.