बोटभर ओळ

कोर्टाच्या फॉर्मवर 'कारण' या शब्दापुढे
एकच ओळ सोडलीय, बोटभर.

नसुफ, वय तेरा. मार्सेय, उत्तरेकडची वस्ती.
इमारतीच्या तोंडाशी, प्लास्टिकच्या खुर्चीत
दिवसभर नुसता बघत बसायचा.
पोलिसांची गाडी वळली की ओरडायचा.
बघण्याचे रोज साठ युरो.

त्याआधी फुकटच बघत होता:
बंद लिफ्ट, पोहण्याच्या तलावात उगवलेलं गवत,
पहाटे चारला हॉटेलांच्या फरशा पुसायला
अकरा मजले उतरणारी आई,
शेजार जागा होऊ नये म्हणून चपला हातात.

वर्गात झोपतो म्हणून
आम्ही त्याला तीन दिवस घरी बसवलं.
घरी कोण असतं, मी विचारलं नाही.
त्या कागदावर सही माझीच आहे.

"खुर्ची कुणी दिली?"
"मोठ्या पोरांनी. म्हणाले, बस."
मग नखं कुरतडत,
"तसं आधी कुणी म्हणालं नव्हतं, मॅडम."

मी लिहिते: खुर्ची.
खोडते.
ओळ तर आता तेवढीही उरली नाही.

वर्गाच्या खिडकीतून ती दिसते, तिथंच.
आज तिच्यावर दुसरंच कुणीतरी.
पाय अजून जमिनीला टेकत नाहीत त्याचे,
हलवत बसलाय.