अपघाताची तारीख

तालुका विधी सेवा समितीची खोली
कोर्टाच्या मागे, सायकल स्टँडला लागून.
चिखलबोडीहून पहिल्या एसटीनं निघालो
तरी आमच्या पुढं सात जण.
आई बाकावर बसली हात मांडीवर उताणे ठेवून,
कुणी सांभाळायला दिल्यासारखे.

उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं.
रात्री दोनला मुंग्या येतात,
मग उठून अंगणात हात झटकत राहते.
शेजारणींना वाटायचं, बाहेरचं काही असेल.
ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरनं लिहिलं: मनगटात नस दबली.
त्याखाली लिहिलं: आराम.
तो कागद आईनं पत्र्याच्या डब्यात ठेवला, कैचीजवळ.

कुंजाम मॅडम वयानं माझ्याएवढ्याच.
पेनाचं टोपण दातात धरून फॉर्म भरत होत्या.
नाव, फुलवंता उके. वय. गाव.
"अपघाताची तारीख?"
"पडली नाई मी," आई म्हणाली.
"तसं नाही मावशी, हाताला दुखापत कोणत्या दिवशी झाली?"
"रोजच."

आठ चौकटी होत्या.
दोन दिवसाच्या, दोन महिन्याच्या, चार वर्षाच्या.
'रोज' कुठं बसवायचा ते
मॅडमनाही कळेना.

"बरं, काम कसं करता ते सांगा."
पान भिजवाचं, फर्मा ठेवाचा, कापाचं,
इथवर आई सांगू शकली.
मग टेबलावरचा एक कागद उचलला.
सूप नाही, जर्दा नाही,
अंगठा पुढं गेला, बोट मागून आलं,
कागद वळला, तोंड नखानं दुमडलं,
दोरा नव्हता तरी दोन वेढे पडले.
तेवढ्यात कळ आली, पार खांद्यापर्यंत.
आवाज केला नाही तिनं.
कागद टेबलावर पडून
हळूहळू उलगडत गेला.
वकालतनामा होता तो.
मॅडमनी सपाट केला नाही, तसाच फाईलला लावला.

"अशा दिवसाला किती?"
"हजार. घरी पाहुना असला तं सातशे."
"किती वर्षं?"
आईनं माझ्याकडं बोट केलं: "हिच्याहून दोन जास्त."
मॅडमनी मोबाईलवर गुणाकार केला,
आकडा वाचला नाही,
फोन पालथा ठेवला.

मग कार्ड मागितलं.
विडी कामगार कार्डावर फोटो माझ्या आजीचा.
आजी जाऊन अकरा वर्षं झाली.
सट्टेदार म्हणाला होता, नाव कशाला बदलता,
माल तर येऊनच राह्यला.
तेव्हापासून कट्टे आजीच्या नावे,
छाटही आजीच्याच नावे.
"म्हणजे रेकॉर्डला," मॅडम सावकाश म्हणाल्या,
"हे हात मेलेल्या बाईचे आहेत."
"म्हनूनच बधिर असतीन," आई म्हणाली.

कारकून हसला.
मॅडम हसल्या नाहीत.
माझं मला समजलं नाही.

सट्टेदाराला नोटीस, कारखान्याला नोटीस,
नागपूरला मेडिकलमध्ये नसांची तपासणी,
आजीच्या मृत्यूचा दाखला,
आणि गल्लीतल्या दोन बायांचा जबाब,
ज्या देतील की नाही ते ठाऊक नाही,
त्यांच्याही घरी पानं त्याच सट्टेदाराची.
पुढची तारीख सतरा.
ती मात्र चौकटीत नीट बसली.

बाहेर पायरीवर शिपाई विडी ओढत होता.
आई थांबली. वाकून पाहिलं,
जसं दुसऱ्याच्या कडेवरचं पोर पाहावं.
"माही नाई ही," म्हणाली,
"पाय, तोंडाशी सुटली."
शिपायानं विडी पाठीमागं लपवली.
एसटीला अजून तास होता.