खालच्याचं खरं

क्लाइपेडाच्या बंदरातली रात्रपाळी संपवून
रिमविडास घरी येतो, बूटही न काढता
यादी उघडतो. दोनशे बेचाळीस मॉड.
खेळ सुरू होतो, बोधचिन्ह दिसतं,
आणि ब्र न काढता सगळं बंद.
निदान कुठे दुखतंय ते तरी सांग, तो म्हणतो.

पंगतच ही. कोणी कोणाच्या आधी बसायचं
यावरून सगळी भांडणं.
ज्यांच्या खांद्यावर बाकीचे उभे, ते सर्वांत वर.
मग हवामान, झाडं, रस्ते, माणसांचे चेहरे.
एकाच जागेवर दोघांनी हक्क सांगितला
तर खालच्याचं खरं.
इथे पुढच्याला ठेचसुद्धा लागत नाही,
तो नुसता पुसला जातो.

अर्धे बंद करून बघतो. चाललं.
त्यातले अर्धे चालू. चाललं. अजून तीस. पडलं.
मग पंधरा, मग आठ.
खिडकीबाहेर खाडीवर धुकं,
त्यात क्रेनची मान तेवढी दिसते.

शेवटी उरते एक फाइल, चिमूटभर आकाराची:
‘उग्ने शेवटचं खरंच शेवटचं’.

सुट्टीत आली होती तेव्हा केलेलं.
बाबा, तुझ्या खेळातली रात्र फारच काळी आहे,
म्हणाली होती, आणि कोळ्यांच्या वस्तीत
एक कंदील टांगला.
टांगला तो जुन्या वस्तीच्या मॉडला,
जो त्याने मार्चमध्ये काढून टाकला.
कशाला ठेवायचा, वापरत तर नाही.
लाइमा कपाट रिकामं करून कौनासला गेली
तोच आठवडा. घरात तेव्हा
बरंच काय काय काढणं चाललं होतं.

मधेच काही काढू नये,
हे तो नवख्यांना नेहमी सांगतो.
जुन्या सेव्हमध्ये धागे लोंबत राहतात.

जुनी वस्ती परत आणतो, वर बसवतो.
उग्नेची फाइल सगळ्यात खाली,
रात्रीच्याही खाली.

खेळ उघडतो. अंधार, पाण्याचा आवाज,
आणि पिवळा कंदील
जमिनीपासून वीतभर वर, अधांतरी.
खांब आहे, खांबाला पाय नाहीत.
जमीन तिसऱ्याच कुणाची, एकशे नव्वदावी.

दोन आकडे बदलले की खाली येईल.
तो माउसवरून हात काढतो.
शुक्रवारी येईल ती, करेल तिचं तीच.

मग आठवतं, बूट.