ड्रम नंबर सतरा

भोसरीत गुरुवारी लाइट नसते,
म्हणून बुधवारी रात्रीच प्रेस उघडला.
कापडाला चिकटलेल्या गाळाच्या वड्या
प्लास्टिकच्या उलथन्यानं खरवडत होतो:
फिक्या हिरव्या, पिस्त्याच्या बर्फीसारख्या,
दिसायला इतक्या गरीब
की नवा पोरगा, बालाजी, हातमोजा काढून
बोट लावायला गेला.
मी ओरडले.
घरी पोरांवरही एवढ्या जोरात ओरडत नाही.

ड्रमवरची चिठ्ठी: प्लेटिंगचा गाळ, दोनशे दहा किलो, धोकादायक.
खाली पाठवणाऱ्याचं नाव.
जे ब्लॉकमधली तीच शेड,
जिथे बाबांनी एकवीस वर्षं
मोटारसायकलींची हँडलं चमकवली.
लोक त्यांत बघून भांग पाडायचे.

क्रोमच्या वाफेनं नाकातला पडदा
आधी सुकला, मग त्याला भोक पडलं.
डॉक्टरांनी एका नाकपुडीत बॅटरी धरली,
उजेड दुसरीतून बाहेर.
"कात्रजचा बोगदा झालाय," बाबा म्हणाले.
आई हसली नाही.
तेव्हापासून वरण लागलं तरी त्यांना कळत नाही;
झोपताना गॅसचं बटण दोनदा चाचपतात,
हातानं, कारण नाकावर भरवसा नाही.

ह्या सतरा नंबरच्या गाळात
त्यांच्या पाळीतलंही काही असेल का?
नसणार. ते रिटायर होऊन नऊ वर्षं झाली.
मला हिशेब येतो. तरी मनाशी विचारलं.

गाळ आम्लात विरला.
मग चुन्याचं पाणी, थेंबाथेंबानं,
कागदाचा रंग बघत बघत.
लोखंड आधी बसतं, तांबूस, धुसफुसत.
मग क्रोम, राखाडी.
ते बसायला लागलं की मी काचेपासून
एक पाऊल मागे सरते, गरज नसताना.
शेवटी उरतं ते हिरवं, नितळ पाणी.
शुक्रवारी त्यात पत्रे सोडले, तारा जोडल्या.
सोमवारी सकाळी बघते तर
पत्र्यावर कातडीसारखं निकेल चढलेलं.

टनामागं चौतीस किलो.
मालकांनी पेढे आणले.
वहीत दुसरा रकाना आहे, तो कुणी वाचत नाही:
जे परत आलं नाही ते
दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून रांजणगावला,
जमिनीखाली, कायमचं.

कापलेली एक पट्टी धुऊन घरी नेली.
बाबांनी सवयीनं ती आधी नाकाशी धरली,
मग स्वतःशीच हसून खाली घेतली,
ओट्यावर वाजवली, नखानं कड चाचपली,
चष्मा कपाळावर, खिडकीकडे तिरकी धरून
बराच वेळ.
मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.
बोलले:
"कोपऱ्यात जाड झालंय. करंट जास्त दिलास."

मी वहीत लिहून ठेवलं:
करंट कमी. कोपरे बघणे.